किल्ली कोणाच्या कमरेला?

जानेवारी २०२२ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने जाहीर केले, की तिच्या सर्व्हरवर हल्ला झाला आहे. युद्ध, स्थलांतर किंवा आपत्तीत ताटातूट झालेल्या माणसांना शोधून त्यांच्या घरच्यांशी पुन्हा गाठ घालून देणे हे या समितीचे फार जुने काम. त्या कामातली ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती परक्या हाती लागली होती. त्यात बेपत्ता माणसे होती, तुरुंगात असलेली होती, एकटी पडलेली मुले होती. किमान साठ देशांतल्या रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट संस्थांनी ही माहिती विश्वासाने जिनिव्हाकडे सोपवलेली होती. घुसखोर ९ नोव्हेंबर २०२१ रोजी आत आले आणि १८ जानेवारीला त्यांचा पत्ता लागला. सत्तर दिवस ते आत होते.

महिन्याभराने समितीने सविस्तर खुलासा केला. असा मोकळा खुलासा फार थोड्या संस्था करतात, आणि तो प्रत्येक विश्वस्ताने वाचावा असा आहे. त्यातली एक गोष्ट मला अनेक दिवस छळत राहिली. माहिती एन्क्रिप्ट केलेली होती, म्हणजे कूटरूपात ठेवलेली होती. तरीही ती घुसखोरांना वाचता आली. आत शिरल्यावर त्यांनी अधिकृत वापरकर्त्याचे आणि प्रशासकाचे सोंग घेतले होते, आणि व्यवस्थेने त्यांना आपलेच समजून कूट उलगडून दिले. कुलूप फोडावे लागले नाही. कुलूप उघडून देणारा नोकर घरातच होता, आणि मालक कोणता हे त्याला चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हते.

ते आत शिरले कुठून? पासवर्ड सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधल्या भगदाडातून. त्या भगदाडाची दुरुस्ती, ज्याला पॅच म्हणतात, ती सप्टेंबर २०२१ मध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळेत बसवली गेली नाही. सर्व्हर स्वित्झर्लंडमध्ये, एका बाहेरच्या कंपनीकडे होते. स्वित्झर्लंड हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्याची बरीच वर्षे संस्थांचे हिशेब लिहिण्यात गेली, आणि हिशेबाच्या मागोमाग संस्थांची दप्तरे कागदावरून कपाटात, कपाटातून संगणकात आणि संगणकातून क्लाउडवर जाताना पाहिली. कूटलेखनाचे जे काही कळते ते पुस्तके आणि शोधनिबंध वाचून, अडले तिथे पुन्हा वाचून. त्यामुळे या लेखात तंत्रज्ञांना शिकवण्याचा आव नाही. माझा विषय वेगळा आहे. गेल्या काही वर्षांत 'स्वयंसेवी संस्थांसाठी खासगी, एन्क्रिप्टेड क्लाउड' अशा नावाचा माल जोरात विकला जातो आहे. त्याची माहितीपत्रके संस्थांच्या टेबलांवर येतात, देणगीदारांच्या कार्यशाळांत वाटली जातात. एखाद्या कवितासंग्रहाची समीक्षा करावी तशी या माहितीपत्रकांच्या भाषेची समीक्षा कोणी करत नाही. मला वाटते, करायला हवी. कारण या भाषेवर विसंबून एखादी संस्था जे त्या क्लाउडवर ठेवते ते बहुधा तिचे स्वतःचे नसतेच. ते असते मार खाऊन आलेल्या बाईच्या जबाबाचे, एचआयव्ही तपासणीच्या निकालाचे, पोक्सोच्या खटल्यातल्या मुलीच्या नावाचे.

माहितीपत्रकातला पहिला लाडका शब्द 'मिलिटरी ग्रेड'. सैनिकी दर्जाचे एन्क्रिप्शन! हा शब्द वाचला की डोळ्यांसमोर बंदूकधारी पहारेकरी उभा राहतो. प्रत्यक्षात त्यामागे असते एईएस नावाची पद्धत. बेल्जियमच्या योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी ती रचली, खुल्या स्पर्धेतून तिची निवड झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती सरकारी मानक म्हणून स्वीकारली. ती उत्तम आहे, यात वाद नाही. पण ती आज तुमच्याआमच्या साध्या मोबाइल फोनमध्येही आहे आणि बँकेच्या संकेतस्थळावरही. ज्या गोष्टीत सगळे सारखेच आहेत तीच आपली खासियत म्हणून सांगणे ही जाहिरातीची जुनी रीत. कुलूप किती लिव्हरचे, हे दुकानदार तासभर सांगतो. किल्ली कोणाकडे राहणार, याबद्दल तो बोलत नाही.

खरा प्रश्न तेवढाच आहे, म्हणून तो जरा सावकाश पाहू. क्लाउडवरच्या माहितीला तीन ठिकाणी कुलूप लागू शकते. तुमच्या संगणकापासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेवर लागते ते पहिले. सर्व्हरच्या चकतीवर माहिती पडून असताना लागते ते दुसरे. ही दोन्ही आज जवळपास सगळीकडे असतात, आणि दोन्हींच्या किल्ल्या कंपनीकडे असतात. तिसरे कुलूप तुमच्या संगणकावरच लागते, फाइल घराबाहेर पडण्यापूर्वी. त्याची किल्ली कंपनीकडे कधी जातच नाही. याला एंड टू एंड म्हणतात. आपल्या बँकेचा लॉकर आठवा. एक किल्ली बँकेची, एक आपली, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. पहिल्या दोन कुलुपांवर चालणारा क्लाउड म्हणजे असा लॉकर, की ज्याच्या दोन्ही किल्ल्या बँकेच्या मॅनेजरच्या खणात आहेत. मॅनेजर सज्जन असेल. पण त्याच्या खणापर्यंत चोर पोहोचला, किंवा कोणी हुकूम घेऊन आला, तर तुमच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

माहितीपत्रक 'एन्क्रिप्टेड' या एकाच शब्दात तिन्ही कुलपे गुंडाळते. तो शब्द खोटा नसतो. रेड क्रॉसची माहितीसुद्धा एन्क्रिप्टेडच होती.

'खासगी' हा शब्द त्याहून निसरडा. कधी त्याचा अर्थ असतो, तुमच्यासाठी वेगळा सर्व्हर. कधी असतो, तुमच्याच कचेरीत ठेवलेला सर्व्हर. मोठ्या कंपन्यांवर विश्वास नाही म्हणून काही संस्था नेक्स्टक्लाउडसारखे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर बसवतात. २०१६ मध्ये ओनक्लाउड या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालेले हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडते. त्यामागची स्वावलंबनाची कल्पना आपल्या संस्थांच्या परंपरेला जवळची आहे. पण त्याचेच कागदपत्र नीट वाचले तर त्यात स्पष्ट लिहिलेले सापडते, की सर्व्हरवर लावलेले कूट फाइलींचा मजकूर झाकते, फाइलींची आणि फोल्डरांची नावे झाकत नाही, आणि सर्व्हरच्या प्रशासकापासून ते संरक्षण देत नाही. आता आपल्याकडची फोल्डरे पाहा. गावाचे नाव, त्यात बाईचे नाव, त्यात 'एफआयआर', 'मेडिकल', 'कोर्ट'. मजकूर वाचण्याची गरजच काय?

शिवाय घरचा सर्व्हर म्हणजे घरचे जनावर. त्याला रोज वैरण घालावी लागते. पॅच कोण बसवणार? तालुक्याच्या गावी वीज जाते, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असते, आणि संगणकाचे बघणारा मुलगा पुण्याला नोकरी लागून गेलेला असतो. जिनिव्हासारख्या ठिकाणी, तज्ज्ञांची फौज असताना, एक पॅच राहून गेला. तेव्हा स्वतःचा सर्व्हर हा प्रत्येक वेळी अधिक सुरक्षित असतोच, हे मला मान्य नाही. मूर्ती घरात आणली म्हणजे पूजा आपोआप होत नाही.

तिसरा शब्द 'झिरो नॉलेज'. हा शब्द विद्वानांच्या घरून आलेला आहे. शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये तो मांडला. एखादे विधान खरे आहे हे सिद्ध करायचे, पण त्यापलीकडे समोरच्याला काहीही कळू द्यायचे नाही, अशा सिद्धतेसाठी तो होता. विलक्षण सुंदर कल्पना आहे ती. क्लाउड विकणाऱ्यांनी शब्द उचलला आणि अर्थ बदलला: आम्हाला तुमच्या फाइलींतले काही कळत नाही. मजकूर कळत नसेलही. पण पैसे कोणी भरले, कोण किती वाजता कुठल्या इंटरनेट पत्त्यावरून आले, फाइली किती, त्यांचे आकारमान काय, कोणी कोणाला काय पाठवले, यातले पुष्कळसे कळतेच. क्रिप्टोमेटर हे मुक्त साधन फाइलींची नावेही झाकते, पण फाइलींची संख्या, आकार आणि बदलाची वेळ झाकली जात नाही, असे ते स्वतः सांगते. हा प्रामाणिकपणा मला 'शून्य ज्ञाना'पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

आणि स्वित्झर्लंड. 'आमचे सर्व्हर स्विस आहेत' असे वाक्य माहितीपत्रकात आले की वाचणाऱ्याला बँका, बर्फ आणि तटस्थता आठवते. रेड क्रॉसचे सर्व्हरही तिथेच होते. देशाचा कायदा कोर्टाच्या हुकमापासून काही अंशी वाचवेल. न बसवलेल्या पॅचपासून वाचवणार नाही.

बरे, तिसरे कुलूप आहे असे कंपनी सांगते आहे, तर ते खरोखर लागते का? हे तपासणारी माणसे जगात थोडी आहेत. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी ते काम चिकाटीने केले आहे. २०२२ मध्ये मॅटिल्डा बॅकेंडाल, मिरो हॅलर आणि केनेथ पॅटरसन यांनी मेगा या प्रसिद्ध सेवेचे कूट तपासले. सर्व्हरवर ताबा असलेल्याला, वापरकर्त्याने ५१२ वेळा लॉग इन केल्यावर त्याची खासगी किल्ली काढता येते, असे त्यांनी दाखवले. २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातल्या योनास हॉफमान आणि किएन तुओंग ट्रुओंग यांनी सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट अशा पाच सेवा घेतल्या. पाचांचे मिळून दोन कोटींहून अधिक वापरकर्ते. पहिल्या चारांत गंभीर दोष निघाले, ट्रेसोरिटची स्थिती त्यामानाने बरी होती. काही सेवांत तर असे, की सर्व्हर स्वतःची किल्ली वापरकर्त्याच्या गळ्यात घालू शकतो आणि वापरकर्त्याला ती आपलीच वाटते. नेक्स्टक्लाउडच्या एंड टू एंड सोयीतही अशाच तपासणीत दोष निघाले आणि नंतर ते दुरुस्त झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दोष निघाला म्हणून सेवा टाकाऊ ठरत नाही. ज्या सेवेची रचना उघड आहे, जिला कोणीतरी तपासले, जिने दोष मान्य करून दुरुस्त केले, ती न तपासलेल्या सेवेपेक्षा बरी. ऑगस्ट केर्कहोफ्स या भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच सैनिकी कूटलेखनावर लिहिताना म्हटले होते, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालले पाहिजे, गुपित फक्त किल्ली असावी. एकशे चाळीस वर्षे झाली, आणि आजही मला 'आमची पद्धत गोपनीय आहे, म्हणून सुरक्षित आहे' असे सांगणारे विक्रेते भेटतात.

आता संस्थांच्याच बाजारातले एक प्रकरण पाहू. ब्लॅकबॉड ही अमेरिकेतली कंपनी देणगीदारांच्या नोंदी सांभाळण्याचे सॉफ्टवेअर धर्मादाय संस्था, विद्यापीठे, रुग्णालये यांना पुरवते. फेब्रुवारी २०२० मध्ये एका ग्राहकाचे लॉग इन वापरून चोर आत शिरले. मे महिन्यात कळले. सुमारे १३ हजार ग्राहक संस्थांची माहिती गेली. कंपनीने २४ बिटकॉइन खंडणी दिली आणि चोरांनी माहिती नष्ट केल्याच्या शब्दावर समाधान मानले. जुलैमध्ये संस्थांना कळवताना सांगितले, की बँक खाती आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक गेलेले नाहीत. ते गेलेले होते. पुढे अमेरिकेच्या रोखे आयोगाने ३० लाख डॉलर दंड केला, ४९ राज्यांशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड झाली, आणि फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जी तक्रार नोंदवली तीत मला सर्वांत बोलका वाटलेला मुद्दा आहे: सोडून गेलेल्या ग्राहकांची माहितीसुद्धा कंपनीने गरज संपल्यावर वर्षानुवर्षे ठेवून दिली होती. म्हणजे ज्या संस्थेने ही सेवा सोडली होती, तिच्याही देणगीदारांची नावे चोरीला जाऊ शकत होती. आपल्या एकाही माहितीपत्रकात 'तुम्ही सोडून गेलात तर आम्ही काय पुसतो आणि कधी' हा मजकूर पहिल्या पानावर मी पाहिलेला नाही.

देणगीदारांच्या नोंदींचा प्रश्न आपल्याकडेही लहान नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून करसवलतीची देणगी घेणाऱ्या संस्थांना फॉर्म १० बीडी भरावा लागतो, त्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक. पूर्वी पावतीपुस्तकात 'एक हितचिंतक' असायचा. आता त्या हितचिंतकाचा पॅन एक्सेलच्या तक्त्यात असतो, आणि तो तक्ता हिशेबनिसाच्या ईमेलमध्ये, सीएच्या ईमेलमध्ये आणि अध्यक्षांच्या फोनमध्ये.

आता किल्लीच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. माहितीपत्रके तिच्याबद्दल बोलत नाहीत, कारण ती विकता येत नाही. किल्ली फक्त तुमच्याकडे असेल, तर हरवली की तुमचीच हरवली. माझ्या माहितीतल्या एका लहान संस्थेने सगळे दप्तर अशा तिसऱ्या कुलपात ठेवले. किल्ली एका तरुण कार्यकर्त्याकडे. तो आजारपणात अचानक गेला. दुःखाचे दिवस संपल्यावर कार्यवाह ताईंनी मला फोन केला. "सर, सगळं आहे हो तिथं. कंपनी म्हणते सुरक्षित आहे. पण उघडायचं कोणी?" कंपनीचे म्हणणे खरे होते, आणि कंपनीने कबूल केलेलेच ती करत होती. चौदा वर्षांच्या समुपदेशनाच्या नोंदींपैकी निम्म्या जुन्या कागदांवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. उरलेल्या गेल्या.

सार्वजनिक न्यास कायद्यात, म्हणजे आपल्या १९५० च्या कायद्यात, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यालयाला विश्वस्त कोण ते ठाऊक असते. बँकेला सह्या कोणाच्या ते ठाऊक असते. पण ज्याच्या हाती संस्थेच्या सगळ्या दप्तराची किल्ली आहे, तो बहुतेक वेळा विश्वस्त नसतो, ठरावात त्याचे नाव नसते, आणि तो गेला तर बदल अर्ज कोणी देत नाही. बँकेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात हे आपण शंभर वर्षे पाळले. दप्तराच्या किल्लीला एकच माणूस पुरे, हे कोणी ठरवले?

यावरचा उपाय १९७९ साली आदी शमीर यांनी दोन पानांच्या निबंधात देऊन ठेवला आहे. निबंधाची सुरुवात एका जुन्या कोड्याने होते. अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त कामावर आहेत. कागद कपाटात ठेवायचे आहेत, आणि कोणतेही सहा जण हजर असतील तरच कपाट उघडावे. साध्या कुलपांनी हे करायचे तर किती कुलपे लागतील? उत्तर आहे ४६२ कुलपे, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या कमरेला २५२ किल्ल्या! शमीर यांनी शाळेतल्या बीजगणिताने हे सोडवले. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, तीन बिंदूंतून एकच अन्वस्त. किल्ली म्हणजे ती वक्ररेषा एका ठरावीक जागी जिथे पोहोचते ती संख्या, आणि प्रत्येकाच्या हाती वक्ररेषेवरचा एकेक बिंदू. पाच विश्वस्तांना पाच बिंदू दिले आणि तिघांची अट ठेवली, तर कोणतेही तिघे एकत्र येऊन किल्ली काढतात. दोघांना मात्र काहीच कळत नाही. अर्धेमुर्धेही नाही. आपल्या न्यासांच्या घटनेत गणपूर्तीचे कलम असते, तेच हे. इतकी नेमकी गोष्ट पंचेचाळीस वर्षे उपलब्ध असून संस्थांना विकल्या जाणाऱ्या सेवांत ती क्वचितच दिसते, याचे मला नवल वाटते. तितके गणित नको असेल तर किल्ली परत मिळवण्याचे शब्द कागदावर लिहून, दोन तुकडे करून, दोन विश्वस्तांच्या घरी सीलबंद ठेवले तरी काम भागते. सुरक्षितता कमी, पण शून्याहून बरी.

त्या शब्दांवरून आठवले. अनेक सेवा किल्लीचा मजकूर बारा किंवा चोवीस साध्या शब्दांच्या रूपात देतात. बिटकॉइनच्या जगातून आलेली ही २०४८ शब्दांची यादी इंग्रजीबरोबर जपानी, कोरियन, चेक, पोर्तुगीज अशा काही भाषांत आहे. मराठीत नाही, हिंदीतही नाही. धडगावच्या कार्यकर्तीने इंग्रजी स्पेलिंगचे बारा शब्द न चुकता उतरवायचे, आणि चार वर्षांनी न चुकता परत टाकायचे, ही अपेक्षा ज्याने केली त्याने धडगाव पाहिलेले नसणार.

सरकार आणि कूट हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार शासन ठरावीक कारणांसाठी कूट उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते, आणि मदत नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार क्लाउड पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची ओळख पाच वर्षे जपून ठेवायची आहे. इतरत्रही हेच चालू आहे. ब्रिटनमध्ये शासनाच्या मागणीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने तिथल्या ग्राहकांसाठी आयक्लाउडची एंड टू एंड सोयच मागे घेतली. म्हणजे तिसरे कुलूप एका सरकारी कागदाने काढले जाऊ शकते. आणि कुलूप शाबूत असतानाही माणूस सुरक्षित असेलच असे नाही. एल्गार परिषद प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये अहवाल दिला, की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर घुसवून दूरून कागदपत्रे ठेवली गेली. तपासयंत्रणेला ते मान्य नाही. पण तांत्रिक धडा त्या निकालावर अवलंबून नाही: ज्या संगणकावर तुम्ही फाइल उघडता तोच परक्याच्या ताब्यात असेल, तर क्लाउडचे कूट केवढेही असो, त्याचा उपयोग नाही.

मग करायचे काय, असे मला कार्यशाळांत विचारतात. मी त्यांना १९७५ च्या गर्भपाताच्या विनियमांकडे नेतो. लोक बुचकळ्यात पडतात. पण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याखाली केलेल्या त्या नियमांत मला या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त शहाणपण दिसते. बाईचे नाव फक्त एका दाखल नोंदवहीत लिहायचे. ती वही गुप्त दस्तऐवज. तिला वर्षवार अनुक्रमांक. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढच्या तपासणीचे कार्ड, कुठेही नाव लिहायचे नाही, फक्त क्रमांक आणि वर्ष. संमतिपत्र सीलबंद लिफाफ्यात, वर 'गुप्त' असा शेरा. २००३ च्या विनियमांतही ही रचना राहिली. संगणक नव्हता, कूट नव्हते. पण नाव आणि मजकूर वेगळे ठेवायचे, दोघांना जोडणारी एकच वही ठेवायची आणि ती एका जबाबदार माणसाच्या ताब्यात द्यायची, हे कोणा अनामिक अधिकाऱ्याला सुचले होते. आज याला मोठी नावे आहेत. ही रचना उचलली तर महागडे तिसरे कुलूप सगळ्या दप्तराला लावावे लागत नाही. एका वहीला लावले की पुरते. बाकीचे दप्तर फुटले तर चोराच्या हाती '१७/२०२४' लागेल.

हे सांगितले की कोणीतरी हळूच म्हणते, "पण सर, आमचं सगळं व्हॉट्सॲपवर असतं." हे मात्र खरे. पाड्यावरची कार्यकर्ती आधार कार्डाचा, जखमेचा, कोर्टाच्या नोटिशीचा फोटो काढते आणि ग्रुपवर टाकते. संदेश वाटेत एंड टू एंड कूटात असतो, पण पोहोचल्यावर वीस जणांच्या गॅलरीत पडतो, आणि तिथून फोनच्या आपोआप चालणाऱ्या बॅकअपमध्ये. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला तिसरे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. मी ज्या ज्या कार्यशाळेत विचारले, तिथे ती चालू असलेले हात दोन-तीनच वर गेले. ज्या संस्थेने खासगी क्लाउडला वर्षाला काही हजार रुपये मोजले, तिचे खरे दप्तर अजून त्या ग्रुपवरच होते. क्लाउडवर होते वार्षिक अहवाल आणि लोगो.

कार्यकर्तीला दोष देण्यात अर्थ नाही. तिला फोटो पाठवायला तीन सेकंद लागतात, आणि खासगी क्लाउडवर चढवायला रेंज, पासवर्ड आणि सहा वेळा बोट लावणे लागते. जी सुरक्षितता पाड्यावर चालत नाही ती जिल्ह्याच्या कचेरीत कितीही देखणी असली तरी शोभेची.

मोठ्या कंपन्यांच्या मोफत सेवांबद्दलही दोन शब्द. गुगल आणि मायक्रोसॉफ्ट संस्थांना फुकट किंवा सवलतीत जागा देतात, आणि दोन माणसांच्या संस्थेसाठी त्या घरच्या सर्व्हरपेक्षा बहुधा सुरक्षित असतात, हे कबूल केले पाहिजे. पण दान कधीही आटू शकते. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ पासून संस्थांना फुकट मिळणाऱ्या बिझनेस प्रीमियम परवान्यांची सोय नूतनीकरणाच्या वेळी बंद करायला घेतली. त्याच महिन्यात युरोपच्या निर्बंधांचे कारण देत नायरा एनर्जी या आपल्याकडच्या तेलकंपनीच्या सेवा थांबवल्या, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पूर्ववत झाल्या. तेलकंपनीकडे वकील होते. संस्थेने निदान दर तीन महिन्यांनी आपल्या दप्तराची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, कूट लावून, कपाटात ठेवावी. आणि वर्षातून एकदा ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

आता पैशांचे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्याला जे नाव दिले आहे ते विश्वस्त या शब्दाच्या जवळचे आहे, आणि सुरक्षेची काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. दुसरीकडे २०२० च्या दुरुस्तीने परकीय निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. देशी देणगीदारही प्रशासनखर्चाचे नाव काढले की कपाळाला आठ्या घालतात. त्यांच्या अर्जात एक रकाना हमखास असतो: 'माहितीच्या सुरक्षिततेचे धोरण आहे का? होय / नाही.' सगळ्याच संस्था 'होय'वर खूण करतात आणि सोबत कुठूनतरी उतरवलेली चार पाने जोडतात. पॅच बसवणाऱ्या, किल्लीचा लिफाफा सांभाळणाऱ्या, वर्षातून एकदा हार्ड डिस्क उघडून पाहणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या सदरात दाखवायचा, असे मी अलीकडे एका देणगीदार न्यासाच्या अधिकाऱ्याला विचारले. प्रकल्पखर्चात ते बसत नाही, असे ते म्हणाले.